तरुण फॉरवर्ड घडतोय की बिघडतोय? एनएचएलमध्ये हे तपासायची रीत

एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या आइस हॉकी लीगचा, हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत निकाल लागलेले असतात. अमुक पोरगा ‘फुकट गेला’, तमुकला ‘कोचनं वाया घालवला’. दोन्ही बाजूंना विचारा, गेल्या पाच सामन्यांत तो कोणाबरोबर खेळला? पॉवरप्लेवर, म्हणजे शिक्षेमुळे समोरचा एक खेळाडू कमी असताना, किती वेळ होता? त्याला खालच्या लीगमध्ये पाठवायची संघाला मुभा तरी आहे का? उत्तर बहुधा येत नाही. मीही यातलाच. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अॅलेक्सिस लाफ्रेनिएरला दुसऱ्या हंगामानंतर मी मोडीत काढलं होतं, तेही फक्त गुणांचा (गोल आणि गोलसाठी दिलेले पास यांच्या बेरजेचा) तक्ता बघून. त्यानंतर ही तपासणी क्रमानं लिहून काढली.

क्रम मोडू नका. पायरी पाचचं उत्तर पायरी एक न तपासता शोधलं तर चुकीचंच निघतं. आणि ही मापं फक्त फॉरवर्डसाठी, म्हणजे आक्रमकांसाठी, आहेत. बचावपटू आणि गोलरक्षक वेगळ्या गतीनं पिकतात, त्यांना इथे ओढू नका.

## तयारी: एका पानावर चार नोंदी

खेळाडूमागे एक पान. त्यावर जन्मतारीख, तो कुठून निवडला गेला, पहिला करार कधी झाला आणि तो डाव्या हातानं शॉट मारतो की उजव्या, एवढंच लिहा.

जन्मतारीख आधी का? ड्राफ्टसाठी (संघ दरवर्षी पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात त्यासाठी) त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. त्यामुळे एकाच वर्षी निवडलेल्या दोन मुलांच्या वयात जवळजवळ वर्षाचा फरक असू शकतो. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधलं वर्ष तो झुरिकमध्ये मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६ मध्ये पहिला निवडला गेला. पहिल्याच सामन्यात चार गोल मारले तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याच्याशी नुकत्याच अठरा पूर्ण केलेल्या मुलाची तुलना करणाऱ्याला या वयात वर्षभरानं खांदे किती भरतात याची कल्पना नसते.

निवड कुठून झाली याच्या तीन मोठ्या वाटा आहेत: कॅनडाच्या तीन ज्युनियर लीग (ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल, एकत्रित नाव सीएचएल), युरोपातले क्लब आणि अमेरिकेतली कॉलेजं. पुढची अर्धी भांडणं या एका नोंदीनं मिटतात.

## पायरी १: त्याला कुठे ठेवता येतं ते आधी शोधा

‘खाली पाठवा ना त्याला’ हे सगळ्यात स्वस्त मत. बऱ्याचदा ते शक्यच नसतं.

सीएचएलमधून निवडलेला विशीच्या आतला खेळाडू एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, पाठवता येत नाही. एनएचएलमध्ये ठेवा, नाहीतर ज्युनियरला परत करा. ही बरीच वर्षं चालत आलेली व्यवस्था आहे. २०२५ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत ठरलेल्या नव्या सामूहिक करारानं २०२६-२७ पासून प्रत्येक संघाला १९ वर्षांच्या एका खेळाडूपुरती वाट मोकळी करायचं ठरलं, पण जुन्या हंगामांबद्दल बोलताना जुनाच नियम धरा.

युरोपातून निवडलेल्याला ही अट नाही. मिको रांतानेन २०१५ मध्ये फिनलंडच्या क्लबातून निवडला गेला. पहिल्या वर्षी कोलोरॅडोनं त्याला नऊ सामने दिले आणि बाकीचा हंगाम सॅन अँटोनिओला, एएचएलमध्ये, खेळवलं. तिथे ५२ सामन्यांत ६० गुण. ज्युनियरमधून आलेल्या त्याच्या वयाच्या मुलासाठी ही वाट बंद होती. तेव्हा ‘रांतानेनसारखं करायला हवं होतं’ म्हणण्याआधी पानावरची दुसरी नोंद बघा.

आता नऊचा आकडा. १८ किंवा १९ वर्षांच्या खेळाडूनं हंगामात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळले तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं घड्याळ सुरू होत नाही, करार वर्षभर पुढे सरकतो. दहावा सामना खेळला की वर्ष खर्ची पडलं. सॅम राइनहार्टला बफेलोनं २०१४-१५ मध्ये बरोबर नऊ सामने खेळवून कूटनीला, त्याच्या ज्युनियर संघाकडे, परत पाठवलं. पुढच्या हंगामात परतला तो २३ गोल घेऊन.

सावध: नऊ सामन्यांनंतर परत पाठवलं म्हणजे संघाचा विश्वास उडाला, असं लगेच धरू नका. तो पुष्कळदा निव्वळ हिशेब असतो. पण दहावा सामना खेळवून नंतर मुलाला बाकावर बसवलं असेल, तर पेन उघडा. कराराचं वर्षही गेलं आणि खेळही गेला.

## पायरी २: त्या जागी त्याला काम काय दिलंय

संघ सगळ्यात जास्त इथे चुकतात, म्हणून जरा थांबू.

वरच्या लीगमध्ये ठेवणं हे बक्षीस समजलं जातं. पण एनएचएलचं वेळापत्रक इतकं गच्च असतं की नीट सराव फार थोडे होतात. हंगामात मुलगा शिकतो ते मुख्यतः सामन्यात. सामन्यात आठ मिनिटं मिळणारा अठरा वर्षांचा स्कोअरर शिकतो काय? पक (खेळाची रबरी चकती) आला की मैदानाच्या कडेच्या भिंतीला मारून बदलीला जायचं, चूक करायची नाही. ज्या कौशल्यासाठी त्याला निवडलं ते वापरायची वेळच येत नाही, आणि सहा महिन्यांत हात विसरतात.

शेन राइटचा २०२२-२३ चा हंगाम पुन्हा बघा. सिअॅटलनं चौथा निवडला. सुरुवातीला बहुतेक बाहेर बसून, खेळला तेव्हा तुटपुंजा वेळ. मग लय सापडावी म्हणून नियमातल्या तात्पुरत्या सवलतीनं थोड्या दिवसांसाठी एएचएलमध्ये धाडलं, तिथे पाच सामन्यांत चार गोल. त्यानंतर ज्युनियर विश्वचषक, मग ओएचएलला परत, आणि तिथेही संघ बदलला. एका हंगामात इतकी घरं. पुढच्या वर्षी त्याला बहुतेक हंगाम कोचेला व्हॅलीत, त्याच एएचएल संघाकडे, खेळू दिलं: ५९ सामने, ४७ गुण. त्याच्या पुढच्या वर्षी एनएचएलमध्ये १९ गोल. मुलगा तोच होता, फक्त मुक्काम एका जागी झाला.

लेऑन ड्राइझाइटलचा २०१४-१५ चा हंगामही असाच दोन तुकड्यांत आहे. एडमंटनकडून ३७ सामने, दोन गोल, नऊ गुण. जानेवारीत ज्युनियरला परत, तेही नव्या संघाकडे, केलोनाला. तिथे तो संघाचा कणा झाला आणि मेमोरियल कपचा, म्हणजे सीएचएलच्या अंतिम स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या हंगामात एनएचएलच्या ७२ सामन्यांत ५१ गुण. खाली पाठवल्यानं नुकसान झालं नाही, कारण खाली त्याला खरं काम होतं. ३७ सामने खेळवून कराराचं वर्ष घालवलं, ही मात्र संघाचीच चूक.

याउलट वायट जॉन्स्टन. डॅलसनं २०२१ मध्ये २३ वा निवडला आणि गडबड केली नाही. विंडसरला परत, तिथे ओएचएलमध्ये सर्वाधिक १२४ गुण. मगच वर घेतला, आणि पहिल्याच हंगामात ८२ सामने, २४ गोल. राहायची सोय संघातल्या अनुभवी जो पॅव्हेल्स्कीच्या घरी. हे गंमत म्हणून सांगत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा परक्या शहरात हॉटेलात राहतो की कुणाच्या कुटुंबात, हाही ‘विकासा’चा भाग आहे, आणि तो कुठल्या तक्त्यात येत नाही.

तपासा: गेल्या दहा सामन्यांत त्याला त्याच्या मुख्य कौशल्याचं काम किती वेळा मिळालं? एका ओळीत उत्तर लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी दोन सामने बघा.

## पायरी ३: मिनिटं फोडून वाचा

साठ मिनिटांचा सामना, बारा फॉरवर्ड, तिघांच्या चार फळ्या (मधे सेंटर, दोन्ही बाजूंना विंगर). पहिल्या फळीतला माणूस १८ ते २० मिनिटं खेळतो, चौथीतला साधारण आठ ते दहा. हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती एकूण आकड्यावर थांबण्यात.

एकूण वेळेचे तीन भाग करा: पाच विरुद्ध पाच, पॉवरप्ले आणि एक खेळाडू कमी असतानाचा. लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ही फोड मिळते. समजा, दोघेही १५ मिनिटं खेळले. एकाची तीन मिनिटं पॉवरप्लेच्या पहिल्या तुकडीतली आहेत, दुसऱ्याची शून्य. मग दोघांच्या गुणांची तुलना करणं म्हणजे उतारावरच्या आणि चढावरच्या सायकलची शर्यत लावणं.

लाफ्रेनिएरच्या बाबतीत मी इथेच घसरलो. रेंजर्सचा पहिला पॉवरप्ले पानारिन, झिबानेजाद, क्रायडर अशा लोकांनी भरलेला होता आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला. २०२१-२२ मध्ये या मुलानं १९ गोल केले, जवळजवळ सगळे पाच विरुद्ध पाचच्या खेळात. फोड बघितली असती तर ‘३१ गुण, बस्स?’ असं लिहिलंच नसतं.

आता तिसरा, म्हणजे शेवटचा, पिरियड बघा. एका गोलाची आघाडी असताना शेवटच्या दहा मिनिटांत तो किती वेळा बर्फावर उतरला? पहिल्या दोन पिरियडांत अकरा मिनिटं आणि तिसऱ्यात दीड, असं चित्र महिनाभर दिसलं तर कोच त्याला वापरतोय, पण भरवसा ठेवत नाहीये. एखाद्या सामन्यात असं झालं तर सोडून द्या.

## पायरी ४: शेजारी कोण, आणि कुठल्या बाजूला

सोबतचे दोघं लिहा. महिन्यात सहा वेगळ्या जोड्या असतील तर त्या महिन्याचे गुण खोडून टाका, त्यातून काही कळत नाही.

बाजू किंवा जागा बदलणं हे दिसायला किरकोळ, पण अनेकांची गाडी त्यानंच रुळावर आली. लाफ्रेनिएर डाव्या हाताचा, डाव्या विंगवरचा. तिथे त्याच्या पुढे पानारिन आणि क्रायडर. २०२३-२४ मध्ये पीटर लाव्हियोलेटनं त्याला उजवीकडे, पानारिन आणि ट्रोचेकच्या फळीत घातलं. २८ गोल, ५७ गुण. क्विंटन बायफिल्ड हा लॉस एंजेलिसचा सेंटर, पण त्याला आधी कोपिटारशेजारी विंगवर खेळवलं. सेंटरची बचावाची जबाबदारी काही काळ उतरली आणि पाय मोकळे झाले.

उलट दिशेनं टेज थॉम्पसन. उंचापुरा, जबरदस्त शॉट, सगळ्यांनी त्याला विंगर ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये बफेलोच्या डॉन ग्रॅनाटोनं सेंटरला आणलं आणि ३८ गोल आले, पुढच्या वर्षी ४७. सेंटरला पक चालत्या पायावर, मैदानाच्या मध्यातून मिळतो. इतक्या लांब पल्ल्याच्या माणसाला भिंतीला चिकटवून उभं केलं तर त्याची निम्मी ताकद थांबून पुन्हा निघण्यात जाते.

सावध: विरुद्ध बाजूची विंग सगळ्यांना मानवत नाही. डाव्या हाताच्या खेळाडूला उजव्या बाजूनं आत वळून शॉट घेणं सोपं जातं, पण स्वतःच्या क्षेत्रात भिंतीवरून आलेला पक बॅकहँडवर घ्यावा लागतो. गोल वाढले आणि पक सुटणंही वाढलं, तर कारण पुष्कळदा इथेच असतं.

## पायरी ५: पक नसताना पाच शिफ्ट बघा

आकडे बाजूला ठेवा. एक सामना घ्या, एका पिरियडात फक्त त्याच्याकडे बघा, पक कुठेही असो. शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, पाऊण मिनिटाची असते, डोळे दुखत नाहीत.

एकच प्रसंग शोधा. संघाच्या गोलमागून बचावपटूनं पक भिंतीला घासत काढलाय, आपला विंगर अर्ध्या भिंतीशी उभा आहे आणि समोरचा बचावपटू निळी रेषा (आपल्या क्षेत्राची हद्द) सोडून त्याच्या अंगावर येतोय. पक पोचण्याआधी मुलानं खांद्यावरून मागे बघितलं का? पाय भिंतीशी समांतर आहेत, की पाठ मैदानाकडे करून तो भिंतीकडे तोंड वळवून उभा आहे? पहिल्या स्पर्शात पक स्टिकवर मेला की दोन फूट उडाला? आणि धक्का बसण्याआधी त्यानं काय केलं: मधल्या सेंटरला छोटा पास, की डोळे मिटून बाहेर?

घडणाऱ्या मुलाचं मागे बघणं ऑक्टोबरात दहातून तीनदा असेल तर फेब्रुवारीत सात-आठदा होतं. गोल तेव्हाही तेवढेच असतील. तिसऱ्या पिरियडात कोच कोणाला उतरवतो याचं उत्तर या भिंतीपाशी मिळतं.

## पायरी ६: बाहेर बसवलं तर कसं वाचायचं

एक-दोन सामने बाहेर बसवणं म्हणजे छळ नाही. मात्वे मिचकोवला फिलाडेल्फियानं नोव्हेंबर २०२४ मध्ये बसवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. हंगामअखेर २६ गोल, ६३ गुण. परतल्यावर भूमिका तीच राहिली का, हे बघायचं. पहिल्या दोन फळ्यांत परतला तर तो धडा होता. चौथीत परतला आणि पुन्हा बसवला, पुन्हा चौथी, तर संघाला स्वतःलाच ठरवता येत नाहीये.

## पायरी ७: खाली पाठवलं तर परतीची अट शोधा

जेसन रॉबर्टसन २०१९-२० चा जवळजवळ पूर्ण हंगाम एएचएलमध्ये खेळला, ६० सामन्यांत २५ गोल. मग वर आला तो राहण्यासाठीच, आणि २०२२-२३ मध्ये १०९ गुण. डेट्रॉइटनं तर तोमास तातारला ग्रँड रॅपिड्सला, आपल्या एएचएल संघात, वर्षानुवर्षं पिकत ठेवलं. २०१३ मध्ये त्या संघानं कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तातारच ठरला.

वाईट नमुना म्हणजे हेलपाटे. येस्से पुल्युयार्वी, २०१६ चा चौथा. पहिल्या हंगामात एडमंटनकडे २८ सामने, एक गोल, मग एएचएलमध्ये बेकर्सफिल्ड. पुढची वर्षंही वर-खाली. शेवटी २०१९-२० मध्ये तो फिनलंडला परतला, तिथे २४ गोल केले आणि मग पुन्हा एडमंटनला आला.

पण खाली पाठवणं हेही सगळ्यावरचं औषध नाही. कोल कॉफिल्डला २०२१-२२ मध्ये मॉन्ट्रियलनं लावालला, आपल्या एएचएल संघाकडे, सहा सामन्यांसाठी धाडलं, परत आल्यावरही गाडी अडलेलीच. कोच बदलेपर्यंत हंगामातल्या ३० सामन्यांत एक गोल. फेब्रुवारीत मार्टिन सेंट लुई कोच झाला, त्यानं मुलाला शॉट घ्यायची मोकळीक आणि वेळ दिला, आणि उरलेल्या ३७ सामन्यांत २२ गोल झाले. सहकारी युराय स्लाफकोव्स्कीला तर युरोपातून आल्यामुळे लावालला पाठवता आलं असतं, पाठवलं नाही. पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत दहा गुण, दुसऱ्या वर्षी सुझुकी आणि कॉफिल्डच्या फळीत ५० गुण. दोन्ही वाटा चालू शकतात. मधेच वाट बदलत राहणं चालत नाही.

## पायरी ८: नशीब, दुखापत, कोच

तीन झटपट तपासण्या.

शॉटमागे गोलांचं प्रमाण. लीगची सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास फिरते. नेल याकुपोवनं पहिल्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल केले, पण प्रमाण २१ टक्के होतं, टिकणारं नव्हतं. पुढच्या वर्षी ६३ सामन्यांत ११. जॅक ह्यूजच्या पहिल्या हंगामात उलट, ६१ सामन्यांत सात गोल आणि प्रमाण सहा टक्क्यांच्या जवळ. त्याला तेव्हा ‘फुसका बार’ म्हणणाऱ्यांनी २०२२-२३ चे ४३ गोल बघितलेच असतील.

दुखापत. पुल्युयार्वीच्या खुब्यावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०२३ मध्ये दोन्ही खुब्यांवर. इतकी वर्षं ‘आळशी स्केटिंग’ म्हणून जे हिणवलं गेलं त्यात दुखणं किती होतं, हा हिशेब कोणी केला नाही.

कोच किती बदलले ते मोजा. याकुपोवला एडमंटनच्या चार हंगामांत क्रूगर, ईकिन्स, नेल्सन, मॅक्लेलन भेटले. दर कोचची बचावाची मांडणी वेगळी. दर वेळी मुलगा पहिलीच्या वर्गात.

## पायरी ९: मत कधी द्यायचं

माझा नियम १५० एनएचएल सामन्यांचा. त्याआधी ‘काम कुठलं, शेजारी कोण, भिंतीपाशी काय’ एवढंच लिहायचं, विशेषण नाही. हा आकडा थॉम्पसनवरून घेतला. सेंटरला येण्याआधी त्याच्या नावावर १४५ सामने आणि १८ गोल होते. तेव्हा मत दिलं असतं तर पाच सामन्यांनी फसलो असतो, आणि दीडशेवरही फसलोच असतो म्हणा. म्हणून दीडशेनंतरही पायरी चार पुन्हा करायची.

खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर जुनं पान फाडू नका. नवं पान घेऊन पायरी दोनपासून सुरू करा आणि पंचवीस सामन्यांनी दोन्ही शेजारी ठेवा. कापो काक्कोला २०१९ मध्ये दुसरा निवडून रेंजर्सनं पाच हंगाम फळ्यांमधून फिरवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये, बाहेर बसवल्यानंतर लगेच, सिअॅटलला दिलं. रेंजर्सच्या पानावर त्या हंगामात ३० सामने, १४ गुण. सिअॅटलच्या पानावर ४९ सामने, ३० गुण, आणि मिनिटांच्या रकान्यात मोठी वाढ.